नाकेबंदीतले श्रीमंत

१८६३ च्या सुमारास मुंबईत जुन्या गाद्यांना भाव आला होता. लोक घरातल्या गाद्या-उशा उसवून, आत वर्षानुवर्षे दबून दगड झालेली रुई काढून विकत होते. ती पिंजून, गासड्यांत दाबून लिव्हरपूलच्या जहाजावर चढे. तिकडचा गिरणीवाला नाक मुरडे, शिव्या घाली आणि विकत घेई. त्याच्यापुढे दुसरा माल नव्हता. अटलांटिकपलीकडे अमेरिकेच्या उत्तरेने दक्षिणेचा सारा किनारा जहाजांनी अडवून धरला होता आणि जगातला सर्वात चांगला कापूस दक्षिणेच्या वखारींत पडून होता.

निर्बंध लादलेला, पण निसर्गसंपत्तीने भरलेला देश लांबलेले युद्ध पेलू शकतो का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२२ पासून रशियाच्या निमित्ताने सतत विचारला जातो. युद्ध सुरू झाले तेव्हा रशियाची अर्थव्यवस्था काही महिन्यांत कोलमडेल, असे मोठमोठे जाणकार सांगत होते. ती कोलमडली नाही. मग दुसऱ्या टोकाचे मत जोर धरू लागले: ज्याच्या जमिनीखाली तेल आहे त्याचे निर्बंध काही वाकडे करू शकत नाहीत. ही दोन्ही मते घाईची आहेत. या प्रश्नाचा एक प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत होऊन गेलेला आहे. तो दीडशे वर्षांपूर्वीचा आहे, त्याचा नफा मुंबईने खाल्ला आणि पुणे जिल्ह्यालाही त्याची झळ लागली.

तेव्हाचे तेल म्हणजे कापूस. १८५० च्या दशकाच्या अखेरीला ब्रिटनच्या गिरण्या जी रुई कातत, तिच्यातली तीन चतुर्थांशांहून अधिक अमेरिकेच्या दक्षिणेकडून, गुलामांच्या मळ्यांतून येई. ४ मार्च १८५८ रोजी साउथ कॅरोलायनाचे सिनेटर जेम्स हेन्री हॅमंड यांनी सिनेटमध्ये जे भाषण केले, त्याचा मथितार्थ असा होता: आम्ही तीन वर्षे कापूस पिकवला नाही तर इंग्लंड तोंडघशी पडेल, तेव्हा आमच्याशी लढायची कोणाची छाती आहे? कापूस हा राजा आहे. हॅमंड यांचा हिशेब वरवर चुकीचा नव्हता. लँकेशायरमधल्या लाखो कुटुंबांची चूल त्या रुईवर पेटत होती.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाला तोंड फुटले आणि १९ तारखेला अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेची नाकेबंदी पुकारली. किनारा साडेपाच हजार किलोमीटरांहून लांब आणि उत्तरेच्या आरमाराकडे गलबते मोजकी. पहिले वर्षभर या नाकेबंदीला गाळणीइतकी भोके होती. हाती असलेला कापूस त्या काळात इंग्लंडला पाठवून, तिथे वखारीत ठेवून त्यावर कर्ज, बंदुका आणि जहाजे उचलणे दक्षिणेला शक्य होते. दक्षिणेने उलटेच केले. इंग्लंडला टंचाईचा चटका बसला की ते आपल्या बाजूने युद्धात उतरेल, या आशेवर त्यांनी आपला माल आपणच रोखला. बंदरांत समित्या बसल्या, जहाजे रिकामी परत गेली आणि पुढे उत्तरेच्या फौजांच्या हाती लागू नयेत म्हणून लाखो गासड्या शेतकऱ्यांनी जाळल्या.

नशीबही आडवे आले. १८५९ आणि १८६० ही अमेरिकेत कापसाची भरघोस वर्षे होती, त्यामुळे लँकेशायरची गोदामे तुडुंब होती. सुरुवातीला टंचाई जाणवलीच नाही, उलट साठेवाल्या गिरण्यांना चढ्या भावाने फायदा झाला. खरा दणका १८६२ च्या उत्तरार्धात बसला. गिरण्या बंद पडल्या, पाच लाखांच्या आसपास माणसे मदतीवर जगू लागली. तरीही ब्रिटनने नाकेबंदी मोडली नाही. गुलामगिरीबद्दलचा तिटकारा हे त्याचे एक कारण होते, उत्तरेकडून येणारा गहू हे दुसरे. तिसरे कारण मुंबई बंदरात जहाजांवर चढत होते.

युद्धापूर्वी ब्रिटनच्या एकूण रुईत हिंदुस्थानचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास होता, तो १८६२ मध्ये तीन चतुर्थांशांवर गेला. माल तसा वाईटच. आखूड धाग्याची ही रुई इंग्लंडात 'सुरत' या नावाने ओळखली जाई आणि तिथल्या कामगारांना ती यंत्रावर चढवायचा वैताग येई, कारण धागा तुटे आणि मजुरी बुडे. भाव चढला तशी आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची बोटेही लांबली. गासडीत सरकी, माती, खडे घालणे आणि वजन वाढावे म्हणून रुई भिजवणे इतके माजले की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. पण लिव्हरपूलला पौंडामागे सहा-सात पेन्सांचा भाव पंचवीस पेन्सांच्या पलीकडे गेल्यावर खड्यांची तक्रार कोण किती दिवस करणार?

खानदेश, वऱ्हाड, धारवाड इथून माल बैलांवर आणि गाड्यांवर बंदराकडे लोटू लागला. २१ एप्रिल १८६३ रोजी भोर घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला आणि पुणे-सोलापूर बाजूचा माल घाटात उतरवून पुन्हा भरायची कटकट संपली. चार-पाच वर्षांत मुंबईने नेहमीच्या किमतीपेक्षा सात कोटी पौंडांहून अधिक जादा कमावले, असा अंदाज तेव्हापासून सांगितला जातो. या पैशाने मुंबईचे डोके फिरवले. रोज नवी बँक, रोज नवी वित्तकंपनी निघू लागली. समुद्र बुजवून जमीन काढायचे बॅकबे कंपनीचे शेअर पाच हजारांचे पन्नास हजारांवर गेले. कापूस आणि शेअरांचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या पेढीपुढे रांगा लागत.

आणि एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले आणि ती बातमी मुंबईत पोहोचली. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे चुकते करायचा दिवस उजाडला, तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर ठरली होती. खुद्द बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली.

तिकडे अमेरिकेत नाकेबंदीतला श्रीमंत, म्हणजे दक्षिण, हरला. का हरला, हे नीट पाहायला हवे, कारण लोक समजतात तसा दारूगोळा संपून तो हरलेला नाही. शेतीप्रधान दक्षिणेत युद्धाच्या आरंभी बंदुकीच्या दारूचे म्हणण्यासारखे कारखाने नव्हते. जोसाया गोर्गस या अधिकाऱ्याने शस्त्रखाते हाती घेतले आणि जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी प्रचंड कारखाना उभा राहिला. सोरा मिळेना म्हणून गुहांमधली माती खणून, धुऊन त्यातून सोरा काढला गेला. शेवटपर्यंत दक्षिणेच्या फौजांना दारू कमी पडली नाही. नाकेबंदी चुकवणारी झपाट्याची जहाजे नासाऊ आणि बर्म्युडाहून दक्षिणेच्या विल्मिंग्टन बंदरात येत राहिली.

कमी पडले ते रूळ. दक्षिणेकडे सुमारे चौदा हजार किलोमीटर रेल्वे होती, उत्तरेच्या निम्म्याहूनही कमी. जे लोखंड होते ते तोफा आणि चिलखती गलबतांकडे वळले, त्यामुळे झिजलेला रूळ बदलायला नवा रूळ मिळेना. आडबाजूचे फाटे उखडून मुख्य मार्ग चालू ठेवण्याची पाळी आली. एकीकडे स्थानकांवर धान्य सडत होते आणि दुसरीकडे व्हर्जिनियात लीचे शिपाई उपाशी होते. साध्या मिठाची इतकी टंचाई झाली की मांस टिकवता येईना.

आणि कमी पडला तो पैसा. वखारी भरलेल्या असूनही. मार्च १८६३ मध्ये पॅरिसच्या एर्लांजर पेढीमार्फत कापूस तारण ठेवून तीस लाख पौंडांचे कर्जरोखे विकले गेले, तेव्हा ते युरोपात हातोहात खपले. पण तारणाचा माल नाकेबंदीच्या आत होता, तो बाहेर कसा आणायचा हे घेणाऱ्याने बघायचे होते! हे लक्षात येताच भाव घसरले. कर वसूल करायची यंत्रणा नाही, कर्ज मिळेना, मग निम्म्याहून अधिक खर्च नोटा छापून भागवला गेला. एप्रिल १८६३ मध्ये राजधानी रिचमंडमध्ये बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरून दुकाने फोडत होत्या. युद्ध संपेपर्यंत किमती नव्वद पटींच्या वर गेल्या.

ही लाट पुण्यापर्यंत कशी आली, याची एक खूण गणेशखिंडीत आजही उभी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात गव्हर्नरांचे निवासस्थान. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, मुंबई इलाख्याच्या तिजोरीत कापसाचा पैसा खुळखुळत असताना तिचे काम सुरू झाले. ते १८७१ मध्ये संपले, तोवर कापसाचे दिवस सरले होते आणि खर्चावरून फ्रिअरसाहेबांवर भरपूर टीका होऊन गेली होती. पदवीदान समारंभाला इमारतीपुढे फोटो काढणाऱ्या पोरांना मिसिसिपीच्या मळ्यांची आठवण व्हायचे कारण नाही, पण त्या मनोऱ्याच्या चुन्यात लिंकन यांच्या नाकेबंदीचा वाटा आहे.

दुसरी खूण कडवट आहे. तेजीच्या दिवसांत सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. कापसाच्या पट्ट्यात एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल मिळे. इंदापूर, भीमथडी, शिरूर हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके तसे ज्वारी-बाजरीचे. तिथे कापूस फारसा नव्हता, म्हणून तिथे १८७५ मध्ये झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांचे खापर काही इतिहासकार कापसावर फोडायला तयार नसतात. त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण तेजी काही कापसाच्या बोंडातूनच गावात येते असे नाही. धान्याचे भाव चढले होते, रेल्वेच्या मातीकामावर आणि सरकारी बांधकामांवर मजुरी वाढली होती आणि या चढ्या काळात कुळाची पत वाढली होती. त्याच चढ्या भावांवर नजर ठेवून १८६७ मध्ये इंदापूर तालुक्याचा शेतसारा नव्याने ठरवला गेला आणि निम्म्याहून अधिक वाढवला गेला. भाव उतरले. सारा उतरला नाही.

सावकाराने हात आखडला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोखा तीन वर्षांत जुना होई. हेतू कुळाला वाचवण्याचा, पण झाले असे की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात धरून नवे खत लिहिले जाऊ लागले. १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने दोनच वर्षांत गावोगावची माहिती गोळा करायला घेतली आणि शेतसाऱ्याविरुद्ध आवाज उठवला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात लोकांनी सावकाराला वाळीत टाकले: न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. आणि १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे गावात भडका उडाला. लोक सावकारांच्या घरांत घुसून मागत होते ते कागद. खते, रोखे, चोपड्या बाहेर काढून त्यांची होळी झाली. माणसांना फारशी इजा झाली नाही. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, शेकडो लोक पकडले गेले, चौकशी समिती बसली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

अमेरिकेच्या युद्धाला तेव्हा चौदा वर्षे उलटली होती. नाकेबंदीचा हिशेब अशा लोकांकडूनही वसूल होतो, ज्यांना लढणाऱ्यांची नावेसुद्धा ठाऊक नसतात.

या उदाहरणातून रशियाकडे पाहिले की आधी फरक दिसतो. कापसाला पर्याय निघाला: वाईट, खडे मिसळलेला, पण निघाला. रशिया मात्र जगाच्या तेलापैकी सुमारे दहावा हिस्सा काढतो. तो एकदम बाजारातून गेला तर अमेरिकेतल्या पंपावरही भाव भडकेल, हे निर्बंध लादणाऱ्यांना पक्के माहीत होते. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी जी योजना आणली ती मुळात तेल थांबवणारी नव्हती. तेल वाहू द्यायचे, पण पिंपाला ६० डॉलरपेक्षा जास्त मिळू द्यायचे नाही, आणि जास्त भावाचा माल नेणाऱ्या जहाजाला आपला विमा नि वाहतूकसेवा द्यायची नाही. लिंकन यांनी बंदर अडवले होते, इथे बंदर उघडे ठेवून गल्ला हलका करायचा बेत होता. रशियाने जुनी, मालकीचा ठावठिकाणा नसलेली टँकरजहाजे जमवून त्यातूनही वाट काढली.

दुसरा फरक गिऱ्हाइकाचा. तेव्हा हिंदुस्थानने दक्षिणेची जागा घेतली. या वेळी भारताने रशियाचा माल उचलला. युद्धापूर्वी आपल्या आयात तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, २०२३-२४ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. सवलतीत मिळते तर का सोडा, हा सरळ व्यवहार. जामनगर आणि वाडिनारला शुद्ध झालेले डिझेल त्याच युरोपला विकले गेले, ज्याने रशियन तेलावर बंदी घातली होती. पुढे या व्यवहाराची किंमतही दिसू लागली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रोसनेफ्ट या रशियन तेलकंपनीची भागीदारी असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. ही तीच कंपनी, जिचे पंप महाराष्ट्रातल्या महामार्गांवर दिसतात. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने रशियन तेलाचे कारण देत भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. सोलापूरच्या टॉवेलवाल्याने रशियाकडून पिंपभरही तेल घेतलेले नाही, पण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी दराची घासाघीस त्याला करावी लागली.

गिऱ्हाईक आणि शेजारी टिकले की नाकेबंदीतला देश किती तग धरतो, याचा नमुना आफ्रिकेतला ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे. नोव्हेंबर १९६५ मध्ये तिथल्या गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले. देशात क्रोम होते, तंबाखू होता. ब्रिटिश युद्धनौका मोझांबिकच्या बेइरा बंदरापुढे तेलाचे टँकर अडवायला वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या, आणि तेल दक्षिण आफ्रिकेतून रस्त्याने नि रेल्वेने येत राहिले. १९७१ मध्ये तर अमेरिकेच्या काँग्रेसनेच कायदा करून ऱ्होडेशियाच्या क्रोमला दार उघडून दिले! सरकार गनिमी बंडखोरांशी लढत चौदा वर्षे टिकले. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र होऊन ती बाजू बंद झाली आणि पाठोपाठ दक्षिण आफ्रिकेनेही दाब दिला, तेव्हा ते वाकले. खाणीत क्रोम तेव्हाही होतेच.

जमिनीखालच्या मालातून तोफगोळा बनतो तो कसा, ही बाब चर्चेत बहुधा निसटते. पुण्यात ती समजायला अडचण नसावी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, पाषाणला शस्त्रसंशोधन करणारी एआरडीई आहे आणि सुतारवाडीला स्फोटकांवर काम करणारी एचईएमआरएल. तोफेतून गोळा ज्या दारूने बाहेर फेकला जातो, तिचा पाया नायट्रोसेल्युलोज. ते बनते सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून, आणि चांगले सेल्युलोज मिळते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंतून. म्हणजे पुन्हा कापूसच. रशियाकडे तेल, वायू, निकेल, गहू, लाकूड सगळे आहे, पण कापूस नाही म्हणण्याइतका कमी. सोव्हिएत काळात तो उझबेकिस्तानातून येई आणि आजही दारूच्या कारखान्यांना लागणारा कापसाचा लगदा बव्हंशी मध्य आशियातून येतो. लाकडाच्या लगद्यावर काम चालवायचे प्रयत्न तिथे चालू आहेत. एवढे करूनही गोळे पुरले नाहीत, ते उत्तर कोरियाकडून आणावे लागले. कोठारांतून टी-६२ आणि त्याहून जुने रणगाडे बाहेर निघाले. साठा हे सोव्हिएत संघाने मागे ठेवलेले भांडवल होते आणि भांडवल खाऊन लढता येते, पण एकदाच.

यंत्रांतल्या चिपचे तसेच. पाडलेल्या रशियन क्षेपणास्त्रांत नि ड्रोनमध्ये अमेरिकी, युरोपीय, जपानी कंपन्यांचे सुटे भाग सापडत राहिले. ते तिसऱ्या देशांमधून, दुप्पट-तिप्पट भावाने, चार हात फिरून जातात. बंदीमुळे देश स्वावलंबी होतो, हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते आणि त्याला पुण्याचाच दाखला असतो: अमेरिकेने क्रे महासंगणक देताना हात आखडता घेतला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणनसंस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. अभिमान खराच. पण परमची करामत रचनेत होती. शेकडो लहान प्रोसेसर एकत्र जुंपून त्यांच्याकडून मोठे काम करून घेण्याची. ते प्रोसेसर ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे होते आणि ते मिळत होते. शांततेच्या काळात, तीन वर्षे मुदत हाती असताना, एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे असताना केलेले हे काम. रोज हजारो गोळे उडत असताना चिपचा कारखाना शून्यातून उभा करायचा, हा वेगळा मामला आहे.

राहिला पैसा. बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९४३ मध्ये धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांचे 'वॉर अँड इंडियन इकॉनॉमिक पॉलिसी' हे पुस्तक निघाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन हिंदुस्थानातून माल उचलत होता, त्याची नोंद लंडनच्या खात्यात पडत होती आणि इथे त्या बदल्यात नोटा छापल्या जात होत्या. महागाई हा युद्धाचा कर आहे आणि तो गरिबावर सर्वात जड बसतो, हे त्या काळात पुण्यातून मांडले गेले. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने रिचमंडचा रस्ता धरला नाही, ही गोष्ट तिच्या गव्हर्नर एल्विरा नाबिउलिना यांच्या पदरात टाकावी लागेल. परदेशी ठेवलेली तीनशे अब्ज डॉलरच्या आसपास गंगाजळी गोठवली गेली, तेव्हा त्यांनी व्याजदर एका झटक्यात २० टक्क्यांवर नेला. महागाई पुन्हा उसळली तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये तो २१ टक्के झाला. पुण्यात नऊ टक्क्यांचे गृहकर्ज जड जाते, त्यावरून एकवीस टक्क्यांत कोणता कारखाना नवे छप्पर टाकेल याचा अंदाज यावा. टाकतो तो एकच, ज्याला सरकार स्वस्त कर्ज देते: शस्त्रांचा.

म्हणून मॉस्कोतली दुकाने भरलेली दिसतात आणि बेकारी दोन-तीन टक्क्यांवर आहे. दोन्ही खरे. माणूस मिळत नाही म्हणून बेकारी कमी आहे, कारण लाखो तरुण आघाडीवर आहेत, मेले आहेत किंवा देश सोडून गेले आहेत. सक्तीच्या भरतीने २०२२ मध्ये पळापळ झाली, त्यानंतर सरकारने पैसे टाकून शिपाई मिळवायचे ठरवले. जुलै २०२४ मध्ये मॉस्को शहराने करारावर सही करणाऱ्याला १९ लाख रूबल रोख जाहीर केले. तेलाच्या पैशाचे माणसात रूपांतर करायचा हा सरळ दर आहे आणि तो वर वर जात राहिला. २०२५ च्या अंदाजपत्रकात जवळजवळ एक तृतीयांश खर्च एकट्या संरक्षणावर होता. त्याच वर्षी सरकारी उत्पन्नात तेल-वायूचा वाटा पाव हिश्श्याच्या खाली आला, जो युद्धापूर्वी चाळीस टक्क्यांपर्यंत जाई. राष्ट्रीय निधीतली हाताशी असलेली रक्कम निम्म्याहून खाली गेली. १ जानेवारी २०२६ पासून मूल्यवर्धित कर २० वरून २२ टक्के झाला. चौथ्या वर्षी युद्धाचे बिल तेलाकडून किराणा घेणाऱ्या माणसाकडे सरकले आहे.

तेव्हा पेलू शकतो का? वर्षानुवर्षे पेलू शकतो, हे आता सिद्ध झाले आहे. कोणी माल घेणारा असावा, कोणी सुटे भाग पुरवणारा असावा आणि घरच्या माणसाने महागाई मुकाट सोसावी, एवढे जमले तर निर्बंध युद्ध थांबवत नाहीत. ते फक्त दर महिन्याचा खर्च वाढवतात आणि निर्णय गिऱ्हाइकाच्या हाती देतात.

हे शेवटचे सर्वात स्पष्ट दिसते ते वायूच्या बाबतीत. तेल जहाजात भरून कुठेही नेता येते, वायूला बहुतेक वेळा नळ लागतो आणि नळ एकाच घरी जातो. २०२१ मध्ये युरोपच्या आयात वायूत रशियाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर होता. हिवाळ्यात घरे गारठली की युरोप नमेल, हा मॉस्कोचा होरा थेट हॅमंड यांच्या वहीतला. २०२२ मध्ये रशियाने स्वतःच तोटी आवळली. युरोपने चढ्या भावाने अमेरिकेतून नि कतारमधून द्रवरूप वायू आणला, जर्मनीने काही महिन्यांत आयातीचे धक्के उभे केले आणि तो हिवाळा निघून गेला. २०२४ पर्यंत रशियाचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आत आला. यामालच्या विहिरींतला जो वायू युरोपला जाई, तो आता चीनकडे वळवायचा तर मंगोलियातून हजारो किलोमीटरचा 'पॉवर ऑफ सायबेरिया-२' हा नवा नळ हवा. त्याच्या करारपत्रावर सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगला सह्या झाल्याचे रशियाने जाहीर केले. भाव काय, हे मात्र ठरलेले नव्हते, आणि चीनला ते ठरवायची घाई नव्हती.